समुद्रफुलाला चुलीतली राख

अंबाजींच्या हाताला गुण आहे, असं दिवेआगरात कुणीही सांगेल. वादळात अर्धी सुपारीची वाडी आडवी झाली, तीही त्यांनी पुन्हा उभी केली. लावणीसाठी सुरणाचा गड्डा कापून कापाला राख चोळावी तर त्यांनीच. त्यांचा तुकडा कुजत नाही. आपल्या हाताचा इतका भरवसा असलेल्या माणसापासून जरा लांबच राहावं. पण सून राहणार कुठे लांब?

सून हेमांगी पाहुण्यांच्या खोल्या चालवते. शेवटच्या खोलीत तिची खाऱ्या पाण्याची काचपेटी. त्यात दोन केशरी मासे आणि ते ज्याच्यात लपतात ते समुद्रफूल. नाव फूल, पण जात प्राण्याची: दगडाला चिकटून बसतं आणि कोळंबीचा तुकडा दिला की गिळतं. पुरेसं वाढलं की मधोमध फाटून एकाची दोन होतात. हेमांगी कधीची त्याचीच वाट बघत होती.

नेमकी आई आजारी म्हणून ती हरिहरेश्वरला गेली आणि इकडे फूल ताणलं जायला लागलं. अंबाजींनी फोन केला.

"अगं, ह्ये मधी पार बारीक झालंय. दोन्ही बाजू एकमेकांना वढतायत."

"मामंजी, होतंय ते!" ती आनंदाने ओरडलीच. "फक्त हात लावू नका. त्याचं ते होऊ दे."

"न्हाय लावत."

दुपारपर्यंत खरंच लावला नाही. पण ते बिचारं अडकलेलंच. केळीचं पोर वेळेवर वेगळं केलं नाही तर आई खंगते, हे अंबाजींना ठाऊक. शेवटी राहवेना. दगड बाहेर काढला, चाकूने मधला दुवा कापला, दोन्ही कापांवर चुलीतली राख चांगली चोळली आणि दगड परत पाण्यात ठेवला.

संध्याकाळी पाणी गढूळ पांढरं झालं. दोन्ही तुकडे सुटून तळाला पडले, मासे उताणे तरंगले.

हेमांगी आली ती पेटीसमोर बसून रडली. "माझंच चुकलं. पाणी बदलून जायला हवं होतं. आईकडे जायची घाई केली."

गप्प राहिले असते तर खपून गेलं असतं. अंबाजींच्या मनात तसं आलंही, आणि आपल्या मनात असं यावं याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"तुझं काय न्हाय चुकलं. मी कापलं. राख बी मीच लावली."

"मी सांगितलं होतं, मामंजी."

"व्हय."

ती ओरडली नाही, अबोला धरला नाही, चहाही वेळेवर दिला. त्यामुळेच अंबाजींना तो गोड लागेना. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

तिने नवं फूल आणलं. ते दगडाला धरतंय तोवर आईकडून पुन्हा बोलावणं आलं. अंबाजी पडवीत सुपाऱ्या सोलत होते. ती त्यांच्या पाया पडली, भाकरी कुठे झाकून ठेवली ते सांगितलं. मग पेटीच्या खोलीला कुलूप घातलं आणि त्यांच्यासमोरून जाऊन चावी शेजारच्या कमळकाकूंच्या हातात दिली.