ताटातलं टोकियो

कुमुदकाकूंकडे टोकियोची चौकशी करायला गेलं की त्या आधी हात धुवायला लावायच्या. वही काढलेली त्यांना चालायची नाही, फोन तर त्याहून नाही. "शहर काय लिहून घ्यायची गोष्ट आहे? बस जेवायला," म्हणायच्या. मग समोर उंच काठाचं स्टीलचं ताट यायचं आणि तासाभराने माणूस जेवून, टोकियो बघून उठायचा.

आमचं जर्मनीतलं हेर्त्सोगेनआउराख गाव एवढंसं, पण कंपन्या मोठ्या. त्यामुळे इथल्या माणसांचा एक पाय कायम विमानात. काकूंचे यजमान इथल्याच एका कंपनीत इंजिनियर होते. कंपनीने त्यांना आठ वर्षं टोकियोत ठेवलं, मग इथे आणलं. ते गेल्यावरही काकू तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच घरात एकट्या राहिल्या. मुलगा नचिकेत फ्रँकफर्टला बँकेत. मी दुसऱ्या मजल्यावर, पुण्याहून नुकतीच आलेली. मला पहिल्यांदाच कामासाठी टोकियोला पाठवायचं ठरलं तेव्हा माझा जर्मन साहेब म्हणाला, "तुमच्या बिल्डिंगमधल्या त्या बाईंकडे जाऊन या. आमच्याकडे सगळे तसंच करतात." पुण्याच्या मुलीला पुण्याच्या बाईची ओळख जर्मन माणसाने करून द्यावी, याची मला जरा लाजच वाटली.

काकूंनी ताटात वर मधोमध चिमूटभर मीठ वाढलं. "आधी मीठ. हे कोमागोमे, आमचं घर. तिथे तुला बघण्यासारखं काही नाही, एक बाग आहे तेवढी. पण सुरुवात मिठापासूनच करायची." मग ताटाच्या काठावरून त्यांनी बोट फिरवलं. "हा काठ म्हणजे गोल गाडी, यामानोते. देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी शहराला घालते. उजवीकडे वर बटाट्याची भाजी म्हणजे उएनो. बाग, म्युझियमं, पोराबाळांचं ठिकाण, सगळ्यांना चालणारं. त्याच्या खाली आमटीची वाटी, ते टोकियो स्टेशन. आता डावीकडे ये. ही चटणी, शिंजुकू. एकदम तोंडात घालायची नाही. तिथे पोचणं सोपं, बाहेर पडणं कठीण. कुठल्या दाराने बाहेर पडायचं ते आधी ठरव, मग जा. चटणीखाली कोशिंबीर, शिबुया. सिग्नल सुटला की चारी बाजूंनी माणसं एकमेकांत कालवली जातात, पण धक्का म्हणून लागायचा नाही."

"आणि ही भाताची मूद?"

"राजवाडा. दिसतो सगळ्यांना, आत जायला मिळत नाही. तुला मात्र मिळेल, तूप घालून घे."

ताटाबाहेर उजवीकडे, जिथे आपल्याकडे चित्राहुती घालतात, तिथे त्यांनी भाताची चार शितं ठेवली. ते असाकुसाचं देऊळ. "देवाचं ताटाबाहेरच असतं. गोल गाडी तिथे जात नाही, वेगळी पकडावी लागते. देवासाठी एवढं करायचं."

हे सगळं सांगताना काकू समोर बसत नसत. त्या माझ्या मागे, डाव्या खांद्याशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "काकू, समोर बसा ना." तर म्हणाल्या, "समोर बसले तर तुझं उजवं ते माझं डावं होतं. वाढणाऱ्याने स्वतःची बाजू विसरायची असते. पाहुण्याच्या बाजूने वाढायचं." टोकियोत रस्ता विचारला की माणूस आधी आपल्या शेजारी येऊन, आपण बघतोय त्याच दिशेला तोंड करून उभा राहतो आणि मग हात दाखवतो, हे त्यांनी तिथेच पाहिलं होतं. ती सवय त्यांनी उचलली. तिथली आणखी एक सवय त्यांना लागली होती. फोनवर जर्मनमध्ये आभार मानताना, 'दांके' म्हणतानासुद्धा त्या कमरेत वाकायच्या. विमा कंपनीच्या बाईला इकडे लवून नमस्कार चाललेला बघून मला हसू यायचं.

जर्मन पाहुण्यांचीही सुटका नव्हती. आमच्या ऑफिसातला श्टेफान एकदा यादी करायला लॅपटॉप घेऊन गेला. त्याने ताटाचा फोटो काढायला फोन उचलला, तर काकूंनी त्याच्या हातात पोळी दिली. "फोटो नाइन. एसन, जेवायचं. पोटात गेलं की लक्षात राहतं." त्याने 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे बरोबर, बरोबर, म्हणत चमचाभर शिंजुकू तोंडात टाकलं आणि डोळ्यांत पाणी आणून बसला. काकू शांतपणे म्हणाल्या, "बघ, दार न ठरवता गेला." तो परत आला तेव्हा हेच सांगत होता, की शिंजुकूला मी पाऊण तास दार शोधत होतो.

माझ्या त्या पहिल्या फेरीसाठी काकूंनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. एक, भेटीला निघताना एक पूर्ण फेरी हातात ठेवून नीघ, म्हणजे तासभर आधी. दुसरी, "झोप लागली, स्टेशन चुकलं, तर घाबरून भलतीकडे उतरू नकोस. बसून राहा. गाडी गोल आहे, तिला कुठे जायचंय! ती तुला परत आणते." मी हसले होते. पण विमानाच्या जागरणाने मला खरंच गाडीत डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा पाटीवरचं नाव ओळखीचं नव्हतं. उठून दाराशीसुद्धा गेले. मग काकूंचा आवाज आठवला आणि परत येऊन बसले. भेटीला वेळेवर पोचले. ती नोकरी टिकली, त्याचं श्रेय मी त्या ताटाला देते.

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात काकूंना झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात चांगला राहिला, पण मेंदूतून डावी बाजूच पुसली गेली. पुनर्वसनाच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्यासमोरची थाळी उजवीकडे चाटूनपुसून स्वच्छ आणि डावीकडे जशीच्या तशी भरलेली होती. काकू चिडून म्हणाल्या, "भाजीच वाढली नाही यांनी." भाजी होती. डावीकडे होती.

तिथल्या थेरपिस्ट फ्राउ वेबर यांनी नचिकेतला आणि मला समजावून सांगितलं. डोळे ठीक आहेत, पण डावीकडे काही असतं हेच मेंदू विसरलाय. डावीकडे बघायला त्या शिकल्या नाहीत तर एकट्याने राहणं धोक्याचं. शेगडी चालू राहील, रस्ता ओलांडताना गाडी दिसणार नाही. रोज 'लिंक्स, लिंक्स', डावीकडे, डावीकडे, म्हणून फ्राउ वेबर थकल्या होत्या, आणि काकू रोज तेच म्हणत होत्या, "डावीकडे काही नाही. उगाच काय!"

नचिकेतने फ्रँकफर्टजवळ एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. तो वाईट मुलगा नव्हता. दर शनिवारी यायचा, आईचे केस विंचरायचा. "मुग्धा, मी काय करू?" तो मला म्हणाला. "तीन मजले, एकटी बाई. सोमवारी आश्रमात टर्मिन आहे, वेळ दिलीय त्यांनी, फॉर्म द्यावा लागेल." हे काकूंच्या कानावर गेलंच होतं. त्या मला एवढंच म्हणाल्या, "मला माझ्या घरी ने गं." मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

त्या शनिवारी मी काकूंच्या घरातून त्यांचं ते काठाचं ताट घेतलं आणि जमेल तसा स्वयंपाक करून डबे घेऊन गेले. दवाखान्याच्या जेवणघरात, त्यांच्या डाव्या खांद्याशी उभं राहून वाढलं. आधी मीठ. मग सगळं आपापल्या जागी. फ्राउ वेबर आणि नचिकेत बाजूला उभे होते. काकूंनी भाजी खाल्ली, आमटी प्यायली, उजवीकडचा अर्धा भात खाल्ला आणि म्हणाल्या, "झालं."

"काकू," मी म्हटलं, "मी उएनोला गाडीत बसलेय. मला शिंजुकूला जायचंय."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की एवढंही येत नाही? मग उजव्या हाताचं बोट ताटाच्या काठावर, भाजीपाशी ठेवलं. "उएनो. आकिहाबारा. कान्दा. टोकियो." बोट काठाकाठाने खाली सरकत होतं. "शिनबाशी. शिनागावा. ओसाकी." ताटाच्या अगदी तळाशी, मधोमध, बोट थांबलं. काकूंच्या कपाळावर आठी आली. "पुढे काही नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज घाबरलेला होता. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

मला रडू येत होतं. तरी म्हटलं, "काकू, उतरायचं नाही ना? बसून राहायचं ना?"

मग बोट हललं. "गोतांदा," काकू म्हणाल्या. "मेगुरो. एबिसू." बोटामागे मान वळली, मानेमागे डोळे वळले. "शिबुया." तिथे काठावरून बोट घसरलं आणि कोशिंबिरीत बुडलं. त्यांनी दचकून पाहिलं, बोट तोंडात घातलं.

"अगं, ही कधी वाढलीस?"

"मगाशीच, काकू."

"पाणी सुटलंय काकडीला. मीठ शेवटी घालायचं असतं." आणि बोट पुन्हा काठावर. शिंजुकूला त्यांनी चटणी चाटली, इकेबुकुरोला लिंबाच्या फोडीला हात लावला, आणि वळसा घालून बोट वर मिठापाशी आलं. "कोमागोमे. आलं घर." मग नचिकेतकडे बघून म्हणाल्या, "बघितलंस? आलं की नाही?"

नचिकेत कोमागोमेच्या त्याच घरात लहानाचा मोठा झाला होता. सोमवारचा फॉर्म द्यायचा राहिला तो राहिलाच. त्यानंतर सहा आठवडे फ्राउ वेबर 'लिंक्स' म्हणायच्या ऐवजी 'यामानोते' म्हणत होत्या. काकू थाळीला फेरी मारायला शिकल्या, मग टेबलाला, मग खोलीला, मग रस्त्याला. वसंतात त्या स्वतःच्या घरी आल्या.

आणखी अडीच वर्षं त्या तिथेच राहिल्या. जेवायच्या आधी ताटाच्या काठावरून बोट फिरवायच्या. नव्या पाहुण्यांना तो काहीतरी धार्मिक विधी वाटायचा. "फेरी मारून घेते, कोण कुठे आहे ते बघते," काकू सांगायच्या. गेल्या वर्षी, आपल्याच घरात, दुपारच्या जेवणानंतर पडल्या त्या उठल्या नाहीत.

ताट नचिकेतने मला दिलं. परवा ऑफिसातली एक नवी मुलगी टोकियोची चौकशी करायला आली, वही घेऊन. मी तिला हात धुवायला लावले. सवयीने तिच्या समोर जाऊन बसले, मग आठवलं आणि उठून तिच्या डाव्या खांद्याशी गेले. ताटात वर मधोमध चिमूटभर मीठ वाढलं.

"हे काय?" तिने विचारलं.

"कुमुदकाकूंचं घर," मी म्हटलं. "चुकलीस तर बसून राहा. गाडी इथे परत येते."