विहिरीतली कुसुम

आमच्या मावसाजींइतका विहिरीत बुडालेला माणूस, तोही एकदाही पाण्यात न पडता, अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. गावाच्या जुन्या वस्तीत, त्यांच्या घरामागे दगडी पायविहीर आहे. नळ आले तशी ती कचऱ्यानं भरत गेली आणि मावसाजींचं डोकं तिच्यानं भरत गेलं. घरी येणाऱ्याला आधी विहीर, मग चहा. माझ्या लग्नाची बोलणी करायला महागावहून सासरे आले, तर त्यांनाही थेट पायऱ्यांवर नेलं. "सांभाळून उतरा, शेवाळ हाय," हे त्यांनी सासरे बसकन आपटल्यावर सांगितलं. सोयरीक कशी टिकली देव जाणे.

दोन वर्षांखाली जुन्या वस्तीचा कायापालट करायचं ठरलं. विहिरीवर स्लॅब टाकायचा आणि वर गाड्या ठेवायच्या, असा बेत होता. साऱ्या नोकरीत साहेबापुढे ब्र न काढलेल्या मावसाजींनी खुर्ची उचलली, पायऱ्यांवर मांडली आणि छत्री उघडून पेपर वाचत बसले. इंजिनिअर साहेब काकुळतीला आले. "टाका ना बाप्पा स्लॅब," मावसाजी म्हणाले, "मी काहून अडवू? मी खालीच बसून राह्यलो. दुपारचा चहा तेवढा देत जा." चहा मावशीच नेऊन देई, पण फणकाऱ्यानं. "त्या विहिरीत तुमचं सोनं पडलं हाय काय?" असं तिनं विचारलं की एरवी विहिरीवर तासभर बोलणारे मावसाजी कपात पाहत बसत.

शेवटी साहेबच नमले. आधी गाळ काढू, झरा जिवंत निघाला तर स्लॅब रद्द, असं ठरलं. अख्खी वस्ती गाळ काढायला लोटली आणि गाळातून भांडी निघू लागली. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते घरात येत नाही, त्यामुळे मावसाजी ज्याचं त्याला घरपोच करत सुटले. पितळेची एक गुंडी तेवढी उरली. तिच्यावर 'कु. कुसुम' असं कोरलेलं. मी दारोदार विचारून आलो, या नावाचं कोणी नव्हतंच. मावसाजी ती चिंचेनं घासत बसले होते. "घरी चाल," एवढंच म्हणाले.

गुंडी पाहून मावशी ओट्यावर बसलीच. आम्ही तिला सुलोचनामावशी म्हणतो, आई नुसतं ताई. "माहं माहेरचं नाव," ती म्हणाली. "लग्नात बदललं. आंदनातल्या गुंडीवर ते पाहून सासूबाई म्हने, ही कुसुम कोन? या घरात अशी कोनी नाही. मी रागानं विहिरीतच टाकली."

"मी म्हनलं होतं, उद्या काढून देतो," मावसाजी खाली मान घालून म्हणाले. "तवा आईपुढे हिंमत झाली नाही."

झरा जिवंत निघाला. आता विहिरीला कठडा आहे, बसायला बाकं आहेत. जन्मभर बायकोला 'अवं' म्हणणारे मावसाजी तिथून हाक मारतात, "कुसुम, चहा झाला का वं?" पूर्वी पहिल्या हाकेला ओ देणारी मावशी आता गप्प राहते. परवा मी विचारलं, "ऐकू आलं नाही का?"

"आलं ना रे," ती म्हणाली. "आनखी एकदा म्हनू दे."