युनूसभाईंची नादारी

जळगाव जामोदला लेकीकडे गेलो होतो. सकाळी अंगणात चहा घेत बसलो असताना युनूसभाईंच्या इमरानचा फोन आला. एरवी "सर, तब्येत कशी हाये?" इथून सुरुवात करणारा हा मुलगा त्या दिवशी नुसतं 'सर, सर' करत राहिला. मग म्हणाला, "सर, अब्बा गेले. झोपेतच गेले. जोहरच्या, दुपारच्या नमाजनंतर जनाजा हाये... तुम्ही येसान ना?" मी मिळेल त्या बसने निघालो. नांदुऱ्याला गाडी बदलली. राजूरचा घाट चढताना खिडकीबाहेर पाहत होतो, पण दिसत होते ते युनूसभाईच, त्यांच्या कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसलेले, पुढे गिऱ्हाइकांची गर्दी, आणि त्या गर्दीतूनही मला हात करून आत बोलावणारे.

देऊळघाटच्या शाळेत मी नोकरीला लागलो, तेव्हा मला राहायला खोली मिळवून दिली ती त्यांनी. ओळख ना पाळख, पण नवा मास्तर बाजेवर सामान ठेवून उभा आहे एवढं त्यांनी पाहिलं आणि चुलत्याच्या घराची पुढली खोली उघडून दिली. तेव्हापासूनची ही दोस्ती. संध्याकाळी शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानात जाऊन बसायचो. बी, खत, फवारणीचं औषध असं सगळं तिथं मिळायचं. दुकान काही मोठं नव्हतं, पण भरवशाचं होतं. पेरणीच्या वेळी माल उधार न्यायचा आणि कापूस विकला की पैसे आणून द्यायचे, हा रिवाज त्यांच्या वडिलांपासूनचा होता. मागायला कोणाच्या दारात जावं लागत नसे.

कापसाचं बीटी बियाणं आलं आणि या रिवाजाचं गणित फिसकटलं. पूर्वी बियाण्याला फारसा पैसा लागत नव्हता. आता दरवर्षी नवी थैली घ्यावी लागायची, तीही महाग, आणि कंपनीचा माणूस दुकानदाराकडे आधी रोख मागायचा. शेतकऱ्याला मात्र थैली उधारच पाहिजे. या दोघांच्या मध्ये युनूसभाई उभे. नाही म्हणावं तर गिऱ्हाईक बुलढाण्याला जाणार आणि पिढ्यांचं नातं तुटणार. अशात अकोल्याहून टाय घातलेला एक तरुण आला, दुकानाची उलाढाल पाहून गेला, आणि काही दिवसांनी टपालाने क्रेडिट कार्ड आलं. युनूसभाईंनी मला ते हौसेनं दाखवलं. "सर, आता सावकाराची पायरी चढा लागत नाई. जामीन नाई, गहाण नाई. इज्जतीचं काम हाये हे." त्यांना त्या कार्डात खरोखर इज्जत दिसली होती. एका बँकेनं आपल्यावर, खेड्यातल्या दुकानदारावर विश्वास टाकला, याचाच त्यांना आनंद होता.

बुलढाण्यातला एक दुकानदार कार्ड घासून, आपलं कमिशन कापून, रोख पैसे द्यायचा. त्या रोकड्यातून कंपनीचं बी यायचं. पहिल्या वर्षी कापूस चांगला झाला आणि सगळं फिटलं. मग दुसरं कार्ड आलं, तिसरं आलं... आणि लागोपाठ दोन हंगाम असे गेले की गावात कोणाच्याच हाती काही राहिलं नाही. एका वर्षी पावसानं ऐन बोंडांच्या वेळी दगा दिला, दुसऱ्या वर्षी लाल्या पडला आणि हिरवी रानं पाहता पाहता तांबडी झाली. उधारी अडकली. युनूसभाई एका कार्डातून काढून दुसऱ्याचा हप्ता भरू लागले. दर महिन्याला भरायची किमान रक्कम भरली की झालं, असं त्यांना वाटत होतं. ती भरूनही आकडा वाढतच का राहतो, हे त्यांना कळेपर्यंत फार उशीर झाला होता. सूद देणारा-घेणारा दोघेही गुन्हेगार असं मानणारा हा माणूस, सुदाच्या विहिरीत गळ्यापर्यंत उतरला होता आणि घरात कोणाला सांगत नव्हता.

मला कळलं ते शाळेत आलेल्या फोनमुळे. कार्ड घेताना ओळखीचा माणूस म्हणून त्यांनी माझं नाव दिलेलं होतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, पलीकडून एक माणूस ओरडत होता, "तुमचा दोस्त चोर आहे हे गावाला सांगा." मी तसाच दुकानात गेलो. शटर अर्धं ओढलेलं. आत युनूसभाई एकटे बसलेले, फोन वाजत होता आणि ते त्याच्याकडे नुसते पाहत होते. वसुलीवाले आदल्या दिवशी घरी येऊन गेले होते. शमीमभाभींसमोर, शेजाऱ्यांसमोर नको नको ते बोलून गेले होते. मी काही विचारायच्या आत भाभीच मागच्या दारानं आल्या. त्या दुकानात कधी येत नसत. डोक्यावरचा पदर घट्ट धरून त्या मला म्हणाल्या, "सर, पैशाचं मंग पाहू. आधी हे औषधाचे डबे इथून उचला. आजच उचला." त्या वर्षांत आमच्या भागात रोज काय बातम्या येत होत्या, ते सगळ्यांना ठाऊक होतं. युनूसभाई खाली मान घालून बसून राहिले. त्यांनी "असं काऊन म्हणते?" असंदेखील विचारलं नाही... आणि तेव्हा मी खरा घाबरलो. त्याच दिवशी सगळे डबे मी ओळखीच्या बैलगाडीवाल्याकडून दुसऱ्या दुकानात पोचवले.

बुलढाण्याला माझ्या ओळखीचे एक वकील होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक रस्ता आहे. फार कोणी जात नाही त्यानं. नादारीचा अर्ज करायचा." माझ्याजवळ जे आहे ते सगळं कोर्टाच्या हवाली करतो, त्यातून ज्याला जेवढं मिळेल तेवढं द्या, उरलेलं फेडायची माझी ऐपत नाही, असं न्यायाधीशासमोर कबूल करायचं. कोर्टाला पटलं की वसुलीचा ससेमिरा थांबतो. युनूसभाई ते शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत राहिले. "नादार... आमच्याच जुबानीतला लफ्ज हाये, सर. ज्याच्यापाशी काहीच नाई, थो." मग वकिलांना म्हणाले, "गावात याले दिवाळं म्हणतात, साहेब. पळून गेलेल्याले आन दिवाळं काढलेल्याले एकच नाव हाये." वकील म्हणाले, "पळणारा अर्ज करत नाही. समोर उभा राहतो तोच अर्ज करतो." मला वाटतं, त्या एका वाक्यावर त्यांनी मन घट्ट केलं.

पण अर्जात एक काटा होता. आपल्याकडे काय काय आहे हे सांगताना, आपलं कोणाकडून काय येणं आहे तेही सांगावं लागतं. म्हणजे उधारी ठेवलेल्या प्रत्येक शेतकऱ्याचं नाव. कोर्टानं नेमलेला माणूस त्या नावांवर नोटिसा काढणार. मी म्हटलं, गरिबांची नावं गाळून टाका. युनूसभाई म्हणाले, "नाव लपवलं तं मी कोर्टापुढे झूटा, अन अल्लापुढे बी झूटा. मंग हे समोर उभं राहणं कायचं?" मात्र नोटीस यायच्या आधी आपण स्वतः जाऊन सांगायचं असं त्यांनी ठरवलं. त्या दिवसांत मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून घराघरांत गेलो. तितकं जड काम मी पुन्हा कधी पाहिलं नाही. कोणी रडलं, कोणी चहा पाजून "तुमचा बी काय इलाज हाये" म्हणालं, कोणी शिव्या दिल्या.

सुपडाजींच्या घरी सगळ्यात वाईट झालं. सुपडाजी त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, बरोबरीचा दोस्त, ईदला शीरखुर्मा प्यायला न चुकता येणारा. युनूसभाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं. सुपडाजी सरकी निवडत होते, ते थांबले.

"कोर्टात माह्यं नाव देतं तू?"

"सगळ्याइचंच देऊन राह्यलो, सुपडा. तुह्यं एकट्याचं कसं गाळू?"

"पोरीले पाहुणे येऊन राह्यले परवा. दारावर कोर्टाचा कागद पाहून कोन करीन तिले? मी बुडवीन म्हणलो का कधी तुले? कापूस झाला का देतो म्हणलो नं?"

सुपडाजी उठून घरात गेले. पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढे नोटीस आली, तेव्हा ते जमणारं लग्न फिसकटलं. पोरीचं नंतर दुसरीकडे चांगलं झालं, पण सुपडाजींनी युनूसभाईंशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

कोर्टाच्या दिवशी मी बरोबर होतो. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्हाला हे देणं फेडता येणार नाही हे कबूल आहे?" युनूसभाईंचा आवाज इतका खाली गेला की त्यांना पुन्हा बोलायला सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ते सगळ्या दालनाला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं "हाव, कबूल हाये" म्हणाले. दुकान गेलं, मोटरसायकल गेली. घर भाभींच्या वडिलांनी लेकीच्या नावे करून दिलेलं, म्हणून वाचलं. उधारीतून कोर्टाच्या माणसाला जवळजवळ काहीच मिळालं नाही. फोन मात्र थांबले. त्या रात्री ते बऱ्याच महिन्यांनी झोपले, असं भाभींनी सांगितलं.

त्यानंतर युनूसभाई घरासमोरच्या ओट्यावर फवारणीचे पंप दुरुस्त करत बसू लागले. हात मूळचा चांगला होता. काही वर्षांनी कोर्टाकडून मुक्ततेचा हुकूम आला, तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढा खाल्ला नाही, बाजूला ठेवला. "कोर्टानं सोडलं, सर. पन कर्ज तं कर्जच असते नं?" मी समजावत राहिलो, त्या व्याजानं मूळ रकमेची किती वेळा वसुली केली ते सांगत राहिलो. ते मान हलवत ऐकत होते, आणि मला कळत होतं की ते माझं मन राखायला मान हलवताहेत.

मी देऊळघाटला पोचलो तेव्हा जनाजा घरून निघून मशिदीसमोर आला होता. आमच्यासारखी गावची माणसं डोक्याला रुमाल बांधून मागे उभी होती. नमाजच्या आधी, रीत असते त्याप्रमाणे, इमरान पुढे आला. आधी उर्दूत बोलला, मग आमच्याकडे पाहून म्हणाला, "अब्बांकडून कोनाले काही घेनं असन, तं सांगा. मी देईन. नाई तं माफ करा." ज्याचं सगळं देणं भर कोर्टात वाचून दाखवलं गेलं, त्याच्याबद्दल हा प्रश्न... माझी मान वर होईना. आणि मागून आवाज आला, "माह्याकडंच त्याचं हाये." सुपडाजी होते. खूप थकलेले, काठी टेकत उभे. "मी देल्लं नाई त्याले. माह्याकडंच हाये." इमरान गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मौलाना हलक्या आवाजात म्हणाले, "बेटा, ये बात घर पे," आणि रांगा लागल्या.

परवा भाभींना भेटायला गेलो. सुपडाजी येऊन गेल्याचं त्यांनी सांगितलं. खूप वेळ बसले, म्हणे. पैसे आणले नव्हते, यंदाचा कापूस विकला की आणतो म्हणाले. "मी सांगितलं त्याइले, तुमच्या दोस्तानं कवाच माफ केलं होतं. लई रडले मंग." मीही म्हटलं, युनूसभाईंचा स्वभावच तसा. भाभींनी उठून खिडकी उघडली. मग म्हणाल्या, "झूट बोलली मी, सर. माफ नव्हतं केलं त्याइनं. मागितलं कधीच नाई, पन माफ बी नाई केलं. कापसाचे दिवस आले का काम ठेवून या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसत. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जात जिनिंगवर. ही अमक्याची, ही तमक्याची, मले आत सांगत राहत. वाट पाहत, का काय... मले बी कधी बोलले नाई."

खुर्ची तिथंच होती. "बसा नं," म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. मी बसलो. तिथून चौकापर्यंतचा रस्ता सरळ दिसतो. कापसानं भरलेली एक ट्रॉली खडखडत आली, वरची ताडपत्री फडफडत होती, आणि घरावरून पुढे गेली.

"कोनाची होती?" भाभींनी आतून विचारलं.

मला सांगता आलं नाही.