आबांनी बाजलं फिरवलं तवा

मंडळी, आज सकाळी नातसून अंगणात गाडी मागं घेत होती आन् नातू मागून ओरडून सांगत होता. मला साठ सालाच्या सुमाराचं आमचं मांडवगण गाव आठवलं.

आमच्या ट्रकच्या लांबच्या फेऱ्या दोघांनी आलटून-पालटून चालवायच्या, असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलेलं. त्या दिवशी आमचे हे अंगणात ट्रक मागं घेत होते, मी सांगायला मागं उभी. पण तिथंच बाजल्यावर, म्हंजी खाटेवर, बसलेल्या आबांपुढं, माझ्या सासऱ्यांपुढं, मोठ्यानं "थांबा" म्हणायला तोंडच उघडंना. ट्रक बाभळीवर आदळला.

वाटलं, संपलं सगळं. आबा उठले, बाजलं फिरवलं आन् आमच्याकडं पाठ करून बसले. "मी हितं न्हाईच. वरड, सूनबाई!"

ह्यांनी ट्रक पुढं काढून परत मागं घेतला, आन् मी अशी वरडले की तो बाभळीच्या आधीच जागीच थांबला. हे उतरले आन् मला स्टेअरिंगवर बसवलं. आता वरडायची पाळी ह्यांची!

तुमच्या घरी असं बाजलं फिरवणारं कुणी होतं का?