बाटलीतली शंका

तपासणी प्रयोगशाळेच्या खिडकीशी बसणाऱ्या बाईंना सगळे बाटलीताई म्हणत. एकोणीस वर्षं त्यांचं काम एकच. रिकामी बाटली खिडकीतून द्यायची, भरलेली घ्यायची, वर नाव चिकटवायचं. हात आपोआप चालायचे. अवघड होतं ते बाटली देताना काय म्हणायचं, ते.

कारण त्या वस्तूचं नाव कुणी घेतच नसे. माणूस खिडकीशी यायचा, मागे वळून रांगेकडे बघायचा आणि कुजबुजायचा, "ते... डॉक्टरांनी सांगितलंय ना, ते." सगळा प्रकार ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा. मग ताई चेहरा बघून शब्द काढत. कडेवर पोर असेल तर ‘शू’, टायवाल्याला ‘युरिन’, आजोबांना खणखणीत ‘लघवी’, आणि लाजून चूर झालेल्याला नुसता भुवयांनी इशारा. ही कला कुठे शिकवत नाहीत, असं ताई घरी अभिमानाने सांगत. घरचे म्हणत, "जेवताना नको."

मग नव्या डॉक्टरीणबाई आल्या. हुशार आणि चटपटीत, पण त्यांना सगळं छापील हवं.

"ताई, तुम्ही प्रत्येकाला वेगळं सांगता. आपण चिठ्ठीच छापू."

पहिल्या चिठ्ठीत ‘मूत्र’ छापलं. दुसऱ्याच दिवशी एक सासरेबुवा सुनेच्या हातात ती चिठ्ठी बघून लालबुंद झाले. "हा दवाखाना आहे की गोठा?" डॉक्टरीणबाईंनी मग शब्दकोश काढला आणि सोवळ्यातला शब्द निवडला. नवी चिठ्ठी आली : ‘सकाळची पहिली लघुशंका बाटलीत आणून द्यावी.’ ताईंना ते काही पटलं नाही. पण त्या तोंडात मिठाची गुळणी धरून चिठ्ठ्या वाटत राहिल्या.

चौथ्या दिवशी एक निवृत्त शिक्षिका आल्या. उंच, ताठ, तीस वर्षं भाषा शिकवलेल्या. त्यांनी बाटली पुढे केली. ताईंनी ती हातात घेतली, तर वजनच नाही. उजेडाकडे धरली. आत कागदाची सुरळी.

"बाई, हे काय?"

"लघुशंका. सकाळची पहिली. उठल्या उठल्या लिहिली."

ताईंनी झाकण फिरवून कागद उलगडला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘मला नेमकं काय झालंय? डॉक्टर सांगत नाहीत, मुलगा सांगत नाही. दोघंही म्हणतात, साधी तपासणी. साधी आहे तर तिसऱ्यांदा कशाला?’

ताई खो-खो हसल्या. मागचे दोघे-तिघेही हसले. आणि मग ताईंना दिसलं, की बाईंनी खिडकीची चौकट घट्ट धरून ठेवली आहे; बोटं पांढरी पडली आहेत. ताईंनी खिडकी ओढून घेतली, बाईंना आत नेऊन बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"शब्दाचा अर्थ ठाऊक आहे हो मला," बाई पाणी पिऊन म्हणाल्या. "लघु म्हणजे लहान, हलकं. शंका म्हणजे संशय, आणि धास्तीसुद्धा. बारीकशी धास्ती, आता थांबणं जमेल की नाही, अशी."

"आणि लघवी?"

"तीही त्याच लघुची. भारदस्त शब्दाची घरातली पोरगी. कामाला हीच बरी."

"मग मूत्र?"

"तो जुना, संस्कृतातला. त्याने कधी तोंड लपवलं नाही. लाज आपल्याला वाटते, त्याला नाही. माझी शंका मात्र लघु नाहीये, ताई."

ताई उठल्या आणि तडक डॉक्टरीणबाईंपुढे तो कागद ठेवला. डॉक्टरीणबाईंनी वाचला. आधी कपाळाला आठ्या पडल्या, मग त्या स्वतःच खुर्ची ओढत बाहेर आल्या.

"आधीच्या दोन्ही नमुन्यांत थोडी प्रथिनं दिसली," त्या म्हणाल्या. "दमणूक झाली, ताप असला तरी दिसतात. तुम्ही दोन्ही वेळा दुपारी आलात, म्हणून सकाळचा पहिला हवाय. तोही तसाच आला, तर मूत्रपिंडांकडे नीट बघू. इतकंच."

"हे इतकंच सांगायला तुम्हाला दोन आठवडे लागले?"

डॉक्टरीणबाई ओशाळल्या. बाईंनी पिशवीतून दुसरी बाटली काढली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, व्यवस्थित भरलेली. "गेल्या खेपेला तुम्ही चुकून दोन दिल्या होत्या. घ्या, ही खरी."

तपासणीत प्रथिनं निघाली, पण किंचित. रक्तदाबाची गोळी बदलली, मीठ कमी झालं, तीन महिन्यांनी पुन्हा यायचं ठरलं. बाईंनी प्रयोगशाळेतूनच मुलाला फोन लावून असं झापलं, की रांगेतली माणसं सरळ उभी राहिली. तो बिचारा आईला घाबरवायचं नाही म्हणून स्वतःच घाबरून बसला होता.

चिठ्ठीवर आता ‘लघवी’ छापतात. डॉक्टरीणबाई रोज सकाळी अर्धा तास बाकावर येऊन बसतात आणि कुणाची कोणती तपासणी कशासाठी, ते सांगतात. त्यामुळे रांग लांबते. ताई कुरकुरतात, पण ऐकायला खिडकी उघडीच ठेवतात.