न बोलण्याचा परवाना

सुप्याच्या धरणापासून उळवीच्या देवळापर्यंत जेवढं रान पसरलं आहे, तेवढ्यात कुणाच्या पोटातली गोष्ट ओठावर येण्याआधी कुणाला कळत असेल, तर ती आमच्या साडूभाऊंना. आणि त्यांना कळली की मग ती न कळलेला माणूस शोधायला खरोखरच रानात जावं लागे. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली त्यांच्या पदरात पडली, धाकटी माझ्या. मी रामनगरात कापडाचं दुकान घालून बसलो आणि ते कुंभारवाड्याच्या पलीकडं, जिथं आज बस येणार की नाही हे बसलासुद्धा ठाऊक नसतं, अशा एका वाडीत मराठी शाळेचे मास्तर झाले. उंच, वाळक्या शेवग्यासारखा देह, आणि त्यावर एक क्षण स्वस्थ न बसणारं तोंड. शिकवताना ते बोलत, जेवताना बोलत, आणि आंघोळीला बसले की तांब्यातांब्यामधल्या वेळात न्हाणीतून एकेक बातमी बाहेर येई.

त्यात या बोलण्याला देवाचा आधार होता. वाडीच्या देवळात वर्षातून एकदा, भाताची झोडणी संपली की गाऱ्हाणं घालतात. ज्याला जे दुखणं असेल ते एका माणसानं देवापुढं, सगळ्या वाडीच्या देखत, मोठ्यानं उच्चारायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय महाराजा’ म्हणून हुंकार द्यायचा. हा उच्चारण्याचा मान साडूभाऊंच्या घराण्याकडं. वाडीची पक्की समजूत अशी की, देवाला मनातलं ऐकू येत नाही. बोलल्याबिगर देवाला कळत न्हाई. त्यामुळं कुणाची गाय गाभडली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कुणाच्या मूळव्याधीनं उचल खाल्ली, हे सगळं साडूभाऊ खणखणीत आवाजात देवाच्या कानावर घालत आणि वाडी हात जोडून होकार देई. मूळव्याधीवाला मान खाली घाली खरा, पण त्यालाही बरं वाटे.

असा माणूस न बोलण्याची परीक्षा द्यायला निघाला, ही त्या सालातली आमच्याकडची सर्वांत मोठी घटना होती.

झालं असं, की धरणानं उठवलेली कुटुंबं रामनगरच्या आसपास वसली होती आणि त्यांच्या पोरांसाठी रामनगरात एक वसतिगृह निघालं होतं. पोरं रात्री दचकून उठत, घरी म्हणून पळत सुटत. घर तर पाण्याखाली. त्या पोरांशी आणि त्यांच्या आईबापांशी बोलून त्यांचं मन हलकं करील असा शिकलेला माणूस तिथं हवा होता. समुपदेशक. हा शब्द साडूभाऊंनी वर्तमानपत्रात वाचला आणि घरी येऊन अक्काला सांगितला. अक्का म्हणजे माझी मेव्हणी. तिला दम्याचा विकार. आमच्याकडचा पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही; भिंतींना ओल धरते आणि अक्काची छाती भात्यासारखी वाजायला लागते. रामनगरला डॉक्टर होता, बस होती, कोरडी चाळ होती. ती नोकरी मिळाली तर अक्का सुटणार होती. साडूभाऊंनी त्याच आठवड्यात एका संस्थेच्या टपाली अभ्यासक्रमात नाव घातलं. मनाचे प्रकार, दुःखाचे प्रकार, ऐकण्याची रीत, हे सगळे पेपर ते पुरणपोळी खावी तसे पास झाले. राहिला शेवटचा: कायदा आणि नीती. तो सुटल्याशिवाय परवाना नाही, आणि परवान्याशिवाय नोकरी नाही. त्या पेपरचा पहिला नियम असा, की समोरच्यानं विश्वासानं सांगितलेली गोष्ट कुणालाही सांगायची नाही.

साडूभाऊंची झोप उडाली. बसून वाचणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. ते बांधावरून फेऱ्या घालत पाठ करीत. पण नियम पाठ होईना, कारण त्यांच्या जिभेला एकच चाल ठाऊक. शेवटी ते अंगणात उभे राहून हात जोडून म्हणू लागले, ‘हे महाराजा, अशिलानं जे काय सांगितलं आसंल, ते त्येच्या लेखी संमतीबिगर...’ आणि आतून चुलीपुढून अक्का सवयीनं म्हणे, ‘व्हय महाराजा.’ अशा रीतीनं नवराबायकोनं मिळून सगळा कायदा देवाच्या कानावर घातला. म्हशी माना वर करून ऐकत. ‘जिवाला धोका आसंल तरच बोलावं’ हे कलम तर एका रेड्याला इतकं आवडलं, की तेवढं झाल्याशिवाय तो गोठ्यात जात नसे, अशी साडूभाऊंचीच साक्ष आहे.

माझा स्वभाव खोडकर. त्यांची तयारी कितपत झाली ते बघावं म्हणून मी एकदा त्यांना बाजूला घेऊन गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की मी दुकान विकून गोव्यात हॉटेल काढणार आहे, आणि हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. साडूभाऊंनी छातीवर हात ठेवला. म्हणाले, ‘पावणं, हितं गाडलं म्हणून समजा.’ मी रामनगरला परतायला निघालो तर बसचा कंडक्टर तिकीट फाडताना विचारतो, हॉटेलात मासे असणार की नुसतं शाकाहारी? मी पुढच्या खेपेला जाब विचारला तेव्हा साडूभाऊ काकुळतीला येऊन म्हणाले, की त्यांनी फक्त अक्काला सांगितलं होतं, आणि तेही नियम समजावून देताना उदाहरण म्हणून.

परीक्षेपूर्वी एका खऱ्या माणसाचं दुःख काही आठवडे ऐकण्याची अट होती. वाडीत माणूस मिळेना. ज्याच्या तोंडून दुःख देवळात जातं त्याच्या कानात ते आपणहून कोण घालील? साडूभाऊ हवालदिल होऊन दारोदार फिरले. आणि एका संध्याकाळी परसूअण्णा आपल्या पायांनी आला. परसूअण्णा म्हणजे वाडीतला सर्वांत दांडगा गडी. गवा आडवा आला तर गवाच वाट बदलील असा. पण त्या वर्षी पिकात डुकरं-गवे येऊ नयेत म्हणून शेतातल्या उंच माळ्यावर बसून राखण करायची पाळी त्यानं चुकवली होती, आणि का, ते बायकोलाही सांगत नव्हता. वाडी त्याला टोचून खात होती. दारातच उभा राहून त्यानं विचारलं, ‘मास्तर, तुमच्या परीक्षेत सांगितल्यालं भाईर जात न्हाई म्हनं. खरं काय?’

साडूभाऊ म्हणाले, ‘कायदाच हाय तसा.’

मग दोघं गोठ्यात बसू लागले, कारण वाडीत दार लावलं की दाराबाहेर गर्दी जमते. काय बोलत, देव जाणे. म्हणजे, देवही जाणत नव्हता. अक्का म्हणाली, ‘भावजी, ह्यांचं कायतरी बिघडलंय. जेवताना नुसतं जेवत्यात.’

झोडणी संपली आणि गाऱ्हाण्याचा दिवस आला. मी मुद्दाम गेलो होतो. राखणीची पाळी चुकवलेल्या घरानं देवापुढं कारण सांगायचं, नाहीतर त्या घरचा नारळ देव घेत नाही, आणि ज्याचा नारळ देव घेत नाही त्याच्याशी वाडी विस्तवाची देवघेव ठेवत नाही. साडूभाऊंनी एकेकाची दुखणी उच्चारली. परसूअण्णाचा नारळ हातात आला आणि ते थांबले. वाडीचा मुख्य मानकरी असलेला म्हातारा गावकार म्हणाला, ‘बोल की मास्तरा. तुला ठावं हाय म्हनं.’

साडूभाऊंचे ओठ हलले. त्या माणसाच्या घशात ती गोष्ट वर येऊन परत खाली जाताना मी डोळ्यांनी पाहिली. मग ते म्हणाले, ‘हे महाराजा, ह्या तुझ्या लेकराचं जे काय आसंल ते त्येला ठावं हाय. मला ठावं हाय, पण मी सांगायचा न्हाई. तू समजून घे.’

कुणी हुंकार दिला नाही. असलं गाऱ्हाणं त्या देवळानं कधी ऐकलं नव्हतं. गावकार रागानं पुढं सरकला. मान काढून घेऊ, असं काहीसं पुटपुटलाही. तेवढ्यात मागून, खांबाआडून, परसूअण्णाचा घोगरा आवाज आला, ‘व्हय महाराजा.’ मग त्याच्या बायकोचा. मग बायकांतून अक्काचा, धापा टाकत. मग हळूहळू सगळ्यांचा, नाइलाजानं का होईना. गावकारानं नारळ फोडला. पुढल्या हंगामात परसूअण्णा परत माळ्यावर चढला. कशानं, ते मला विचारू नका. मी साडूभाऊंना विचारून विचारून थकलो.

परीक्षेला बेळगावला मी त्यांच्याबरोबर गेलो. लेखी पेपर उत्तम गेला. तोंडीच्या वेळी उकाड्यामुळं दार उघडं होतं आणि मी बाहेरच्या बाकावर, कान टवकारून. परीक्षकांनी विचारलं, गोपनीयता राखल्याचा तुमचा स्वतःचा एक अनुभव तपशिलासह सांगा. माझा जीव भांड्यात पडला. याहून चांगला अनुभव कुणाकडं असणार?

‘हाय एक,’ साडूभाऊ म्हणाले. ‘पण तो सांगता यायचा नाही.’

नाव बदलून सांगा, असं एका परीक्षकानं समजुतीनं सुचवलं.

‘साहेब, आमच्याकडं नाव बदललं तर बैलावरनं माणूस ओळखतात. बैल बदलला तर चालीवरनं.’

एक जण हसला. दुसरा हसला नाही. तो म्हणाला, की अनुभवाला निम्मे गुण आहेत, आणि अनुभवच सांगणार नसाल तर आम्ही गुण कशाचे द्यायचे? मी बाकावरून मनातल्या मनात ओरडत होतो, सांगा हो, अक्काच्या छातीसाठी तरी सांगा.

‘नका देऊ, साहेब,’ साडूभाऊ म्हणाले आणि बाहेर आले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले. खानापूर गेलं, लोंढा गेलं. रामनगर जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, ‘तुमच्या अक्काला काय सांगू?’

अक्कानं पितळेची भांडी आधीच गोणपाटात बांधून ठेवली होती. तिनं ती एकेक सोडून पुन्हा फळीवर मांडली, प्रत्येक भांडं आपटून. कितीतरी दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. पुढं एकदा मला म्हणाली, ‘बरं झालं आसं मी म्हननार न्हाई, भावजी. पन सांगून आलं आसतं तर परसूअण्णाच्या बायकूपुढं मी तोंड कसं दावायचं?’ वसतिगृहाची जागा धारवाडकडच्या कुणाला मिळाली. साडूभाऊंनी परत अर्ज केला नाही.

पण माणसं यायला लागली. आधी वाडीतली, मग पलीकडच्या वाड्यांची, चालत. गोठ्यात बसायची, बोलून जायची. गाऱ्हाण्याचा मान गावकारानं काढून घेतला नाही; मात्र देवळात आता साडूभाऊ पूर्वीपेक्षा कमी बोलतात. मला तर त्यांच्याकडं जाण्यात राम वाटत नाही. पूर्वी एका मुक्कामात तालुकाभरच्या बातम्या मिळत. आता पाऊसपाणी आणि काकडीचा भाव. परसूअण्णा वारला तेव्हा मी म्हटलं, आता तरी सांगा. तर म्हणाले, ‘तो गेला. त्येची बायकू हाय, पोरं हाइत.’ आणि पुढ्यात सुपारी सरकवली. अक्का गोठ्याबाहेर सुपारी सोलत बसते. वाटेनं कुणी येताना दिसलं की ती खोकते आणि आतलं बोलणं थांबतं. पावसाळ्यात ती खरी खोकते, उन्हाळ्यात खोटी.

गेल्या वर्षी पावसाच्या तोंडाशी मी गेलो होतो. आभाळ भरलं होतं, अजून थेंब नव्हता. गोठ्यात आम्ही दोघंच. कसं कोण जाणे, मी त्यांना एक गोष्ट सांगायला लागलो. कुणालाच न सांगितलेली, तुम्हालाही सांगणार नाही. अर्ध्यावर आलो आणि बाहेर अक्का खोकली. साडूभाऊंनी हात वर केला. मी थांबलो. आम्ही कान देऊन पावलांची वाट बघितली. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. अक्का पुन्हा खोकली. साडूभाऊ उठले, खुंटीवरची घोंगडी घेऊन बाहेर गेले, ती तिच्या खांद्यावर घालून परत आले आणि माझ्यासमोर बसून हळूच म्हणाले, ‘हं. बोला.’