पेन ड्राईव्हवर नसलेली मापं

त्या शुक्रवारी सकाळी खांबावरची चीर दीड मिलिमीटर भरली. पट्टी पुसून पुन्हा लावली, तरी दीडच.

आमची इमारत तीन मजली. तळमजल्यावर कापड विणणारे लूम, वर आम्ही सहा कुटुंबं. लूमच्या मधल्या खांबाला उभी चीर दिसली तेव्हा आम्ही वर्गणी काढून कल्याणहून एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणले होते. त्यांनी खांब ठोकून पाहिला आणि माझ्या हातात एक पारदर्शक पट्टी दिली. तिच्यावर वेगवेगळ्या जाडीच्या रेघा असतात. चिरेवर पट्टी धरायची, जुळेल ती रेघ म्हणजे चिरेची रुंदी. "दर आठवड्याला एकदा मोजा," ते म्हणाले होते. "चीर किती आहे यापेक्षा ती किती वेगानं वाढते ते मला हवं. एक मिलिमीटर ओलांडली तर लगेच या."

मोजण्याचा वार मी शुक्रवार ठरवला. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आमच्याकडे लूम बंद असतात. एरवी आत पाऊल ठेवलं की दातसुद्धा थरथरतात, हातातली पट्टी कुठली स्थिर राहणार? लूमचे मालक कोकणी मुसलमान, तीन पिढ्यांपासून भिवंडीत. नमाजला जाण्याआधी ते मला शटर उघडून देत. त्यांची एकच अट होती. "भाऊ, मोजा खुशाल, पण खांबावर लिहू नका. आकडे बघून माझे कारागीर गाठोडं बांधतील नि गावाला जातील." म्हणून मी खांबावर पेन्सिलची खूणही केली नाही. फोटोही काढले नाहीत. काढा असं कोणी सांगितलं नव्हतं आणि फोटोवरून मिलिमीटर मोजता येतो असं मला वाटत नव्हतं.

घरी संगणक नाही. मी दापोड्याच्या एका गोदामात हिशेब सांभाळतो, टेबलावर कंपनीचा संगणक आहे. कंपनीच्या संगणकावर घरगुती काही साठवायचं नाही हा नियम, आणि मला तो पटतो. म्हणून मी टिपणं ठेवण्याचा एक मोफत प्रोग्रॅम पेन ड्राईव्हवर घेतला. त्याच्या पानावर लिहिलं होतं की तो कुठल्याही संगणकावर, काही न बसवता, पेन ड्राईव्हवरूनच चालतो. मी तसाच विश्वास ठेवला नाही. पेन काढून घातला, संगणक बंद करून चालू केला, दुसऱ्या छिद्रात घालून पाहिला. दर वेळी टिपणं जिथल्या तिथे. मग दर शुक्रवारी कामावर गेल्यावर मी खांबाचं माप त्यात टाकू लागलो.

दीड भरल्यावर मी लूमच्या मालकांना, शेठना, सांगितलं. "संध्याकाळच्या शिफ्टला लूम सुरू होतात," ते म्हणाले. "इंजिनिअरच्या सहीचं पत्र आणा, मी बटण बंद ठेवतो. तुमच्या तोंडी सांगण्यावर अख्खा कारखाना बंद ठेवला तर उद्या व्यापारी मला विचारील, तुम्हाला नाही."

त्यांचं चुकत नव्हतं. मी बायकोला म्हटलं, कपडे आणि कागद एका पिशवीत भरून ठेव. तिनं आधी गॅसचा सिलिंडर बंद केला. कामावर रजा सांगून मी मोटरसायकलवरून कल्याण गाठलं. पेन ड्राईव्ह शर्टाच्या खिशात होता.

इंजिनिअर निघण्याच्या तयारीत होते, दोन आठवडे बाहेरगावी जायचं होतं. दाराशी बॅग. "दीड?" त्यांनी विचारलं. "आधीची मापं?"

मी पेन त्यांच्या लॅपटॉपला लावला. प्रोग्रॅम लगेच उघडला. डाव्या बाजूला जिथे माझी टिपणं असायची तिथे एकच ओळ होती, स्वागताची. खाली कोरं पान.

बंद करून पुन्हा उघडला. पेन काढून फुंकर मारून घातला. पेनवरच्या फायली एकेक पाहिल्या. प्रोग्रॅमच्या होत्या, माझी एकही नव्हती.

"आठवतं का काही?" इंजिनिअर म्हणाले.

"सुरुवातीला तीन दशांश होतं. मध्ये..." मी थांबलो. आकडा लिहिला की मी तो डोक्यातून काढून टाकत असे; चार, सहा, नऊ यांतला कुठला कधीचा, हे मला खात्रीनं सांगता येत नव्हतं.

"अंदाज नको. हळूहळू वाढत दीड झालं असेल तर मी खांबाला टेकू लावून लोकांना आत राहू देईन. अलीकडेच उडी मारली असेल तर आज इमारत रिकामी करायची. सहा कुटुंबांना रस्त्यावर काढायला मला कारण लागतं, आणि आत ठेवायलाही लागतं."

त्यांनीच लॅपटॉपमध्ये शोधाशोध केली. प्रोग्रॅमनं आत्ताच त्यांच्या सी ड्राईव्हवर एक लपलेला फोल्डर तयार केला होता, स्वागताची ओळ त्यात होती. मग मला कळलं. प्रोग्रॅम पेनवरून चालत होता, पण टिपणं तो ज्या संगणकाला पेन लावू त्याच्या पोटात ठेवत होता. मी सगळ्या परीक्षा एकाच संगणकावर घेतल्या होत्या. मापं दापोड्याला होती, ज्या संगणकावर खासगी काही ठेवायचं नाही असं मी पाळत होतो, त्यातच.

ऑफिसला फोन लावला. आमच्या डिस्पॅचच्या मॅडम जवळच्या वळ गावच्या, माझ्याच वयाच्या. मी दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं.

"दादा, बिल्डिंग पडतेय नि तुमी कॉम्प्युटर उघडायला सांगता?"

"पडते का तेच बघायचंय. माझ्या टेबलावर बसा."

"बसले. पासवर्ड मागतंय."

तो मी आजवर कोणालाच सांगितलेला नव्हता. सांगितला.

"सगळे आकडेच? एक अक्षर न्हाय? वहिनी कसं काढतात दिवस तुमच्यासंगं?" मागून कोणीतरी गेटपास मागत ओरडत होतं. "थांब रे, गाडी पळून जात न्हाय तुझी! हां दादा, बोला."

मी एकेक पायरी सांगत गेलो. सी ड्राईव्ह, यूझर्स, माझं नाव.

"हितं काय न्हाय तसलं."

"वर व्ह्यू आहे. त्यात लपलेल्या फायली दाखवा असं आहे, तिथे टिक करा."

थोडा वेळ नुसता गोदामाचा गोंगाट ऐकू आला. इंजिनिअरनी घड्याळाकडे पाहिलं, मग ड्रायव्हरला फोन करून गाडी थांबवायला सांगितलं.

"आलं! फिकट फिकट दिसतंय. उघडलं. दादा, ह्ये काय लिवलंय? कंस, कंस, इंग्रजी, परत कंस."

"कंस सोडा. आकडे वाचा. वरून खाली, एकही गाळू नका."

त्या वाचत गेल्या. मी मोठ्यानं पुन्हा म्हणत होतो आणि इंजिनिअर चौकटीच्या कागदावर ठिपके मांडत होते. तीन दशांश, तीन, तीन, चार, चार, चार. बरेच आठवडे चारच. ठिपके आडवे चालले होते आणि मला क्षणभर बरं वाटलं. मग सहा. मग नऊ.

"नऊ कधीचं?" इंजिनिअर म्हणाले.

"मागचा शुक्रवार," मॅडमनी तारीख वाचून सांगितली. "खाली काय न्हाय आता. संपलं."

इंजिनिअरनी आजचा दीडचा ठिपका स्वतः मांडला. रेघ ओढायची गरज नव्हती. "आणि ही सगळी मापं लूम बंद असताना घेतलेली?"

"हो. शुक्रवारची."

"म्हणजे चालू असताना याहून जास्त असणार." त्यांनी लेटरहेड ओढलं. लिहिता लिहिता म्हणाले, "इमारत आजच रिकामी करा. शेठना आत्ताच फोन लावा, पत्राची वाट बघायला सांगू नका."

शेठनी ऐकून घेतलं. "पत्राचा फोटो पाठवा," ते म्हणाले, आणि लगेच, "पाठवाल तेव्हा पाठवा. मी मेन स्विच पाडलाय."

निघण्याआधी मी बायकोलाही फोनवर सगळं सांगितलं होतं. मी पोचलो तेव्हा लोक जिन्यातून सामान उतरवत होते. दुसऱ्या मजल्यावरचे काका खुर्ची डोक्यावर घेऊन माझ्यासमोर थांबले. "तुमच्या त्या पेनात काहीच नव्हतं म्हणे? मग आम्हाला बाहेर काढलं कशाच्या जोरावर?" मी त्यांना चौकटीचा कागद दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि खुर्ची घेऊन खाली गेले.

आम्ही पडघ्याला माझ्या मेहुण्याकडे राहिलो. त्याच्या दुकानात लॅपटॉप आहे. तिथे मी आणखी तीन मोफत प्रोग्रॅम तपासले. प्रत्येकात एक ओळ लिहायची, पेन काढायचा, शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर लावायचा. एकानं टिपणं खरोखर पेनवरच ठेवली. दुसऱ्यानं ठेवली, पण तेही मी सेटिंगमध्ये जाऊन जागा बदलल्यावर. तिसरा झेरॉक्सवाल्याकडे उघडलाच नाही, त्याला लागणारी कुठलीशी फाईल त्या संगणकात नव्हती. पेनवरून चालणं एक आणि पेनवर ठेवणं दुसरं, हे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. परीक्षा परक्या संगणकावर घ्यावी, आणि आपला पहिला संगणक तेव्हा आसपासही नसावा. मी मापं आता साध्या मजकुराच्या फाईलमध्ये टाकतो. ती कुठेही उघडते.

लोखंडी टेकू बसले त्यानंतर गवंड्यानं खांबाचं प्लास्टर काढलं. इंजिनिअरचा सहायक, शेठ आणि मी असे तिघे उभे होतो. छिन्नीचा तिसरा-चौथा घाव बसला आणि काँक्रीटची मोठी खपली आपणच सुटून खाली पडली. आतल्या सळया गंजून पत्र्यासारख्या सोलल्या होत्या. त्यांना आडव्या बांधणाऱ्या रिंगा बोट लावताच तुटत होत्या.

शेठनी एक तुकडा हातात उचलला. त्यांनी सहायकाला विचारलं, "त्या संध्याकाळी शिफ्ट चालवली असती तर?"

"सांगता येत नाही," तो म्हणाला.

शेठनी तुकडा खाली ठेवला आणि गवंड्याला म्हणाले, "बाकीचे खांबही खोल. सगळे."